हिमनदीच्या पायथ्याशी वाढणारे पाणी

(पिंगुळी येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला. म्हणून मी विषय भूगोलातलाच घेतला आहे. तो कळवला तेव्हा आपल्यातल्या एका कार्यकर्त्याने मला सरळ विचारले, "सर, आम्ही बर्फ बघतो तो मालवणच्या बंदरात, मासळीवर टाकलेला. हिमनदीचे सरोवर वाढले काय नि आटले काय, पिंगुळीच्या माणसाला त्याचे काय?" प्रश्न रास्त आहे. आजचे माझे सगळे बोलणे त्या प्रश्नाला धरूनच आहे.

सुरुवात जवळून करू. मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेला निघालात तर अर्ध्या दिवसाच्या आत वास्कोला पोचता. तिथे हेडलँड सडा नावाच्या टेकाडावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याच्याच किनाऱ्यावरून निघाली होती, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली. आज हे केंद्र अंटार्क्टिकावरच्या आपल्या तळांचा कारभार बघते आणि त्याचबरोबर हिमालयातल्या हिमनद्यांची मापेही घेते. हिमाचल प्रदेशात, लाहौल-स्पिती जिल्ह्यातल्या चंद्रा नदीच्या खोऱ्यात, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर या केंद्राने २०१६ मध्ये 'हिमांश' नावाचे संशोधन ठाणे उभारले. म्हणजे हिमालयातला बर्फ किती उरला याचा हिशेब ज्या कार्यालयात मांडला जातो, ते आपल्या शेजारच्या राज्यात, नारळाच्या झाडांमध्ये आहे.

त्या चंद्रा खोऱ्यातले एक सरोवर आपण नीट बघू. त्याचे नाव घेपन. लाहौलचे लोक राजा घेपन या देवाला आपला राखणदार मानतात, आणि त्याच नावाचे शिखर सिस्सू गावाच्या डोक्यावर उभे आहे. आपल्याकडे गावऱ्हाटीत ग्रामदेवतेचा जो मान, तोच तिकडे राजा घेपनचा. ऑक्टोबर २०२० मध्ये रोहतांगच्या पोटातून जाणारा अटल बोगदा खुला झाला. त्याचे उत्तरेकडचे तोंड सिस्सूच्या जवळच निघते. त्यामुळे मनालीला जाणारा मराठी पर्यटक आज दुपारच्या जेवणाआधी सिस्सूत पोचतो, फोटो काढतो आणि संध्याकाळी परततो. ज्या दरीतून गावाचा ओढा उतरतो, त्या दरीच्या वरच्या टोकाला, ४,०६८ मीटर उंचीवर घेपनचे सरोवर आहे, हे त्यातल्या फार थोड्यांना माहीत असते.

भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने, म्हणजे इस्रोने, एप्रिल २०२४ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे या सरोवराची मापे जाहीर केली. १९८९ मध्ये त्याचे क्षेत्र ३६.४९ हेक्टर होते. २०२२ मध्ये ते १०१.३० हेक्टर झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर नव्वद एकरांचे अडीचशे एकर, आणि तेही तेहतीस वर्षांत.

या गावाला चित्रांच्या मालिकेतून गोष्ट वाचायची सवय आहे. इथल्या ठाकर समाजातला चित्रकथी पोथी उघडतो आणि एकेक चित्र समोर धरत कथा सांगतो. एक चित्र सुटे पाहिले तर कथा कळत नाही, क्रमाने पाहिली की कळते. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. उपग्रहाची चित्रे अगदी तशीच वाचावी लागतात. १९८९चे एकटे चित्र म्हणजे एक सुंदर निळे तळे. त्यापुढे दर काही वर्षांचे चित्र ठेवत गेलात की दिसते, तळ्याचे खालचे टोक जागेवरच आहे आणि वरचे टोक हिमनदीच्या दिशेने सरकते आहे. पाणी वाढले आहे ते बर्फ मागे हटलेल्या जागेत.

हे घडते कसे? हिमनदी म्हणजे स्वतःच्या वजनाने अतिशय सावकाश खाली सरकणारा बर्फ. सरकताना ती डोंगर खरवडते, दगड, माती, रेती ओढत आणते आणि आपल्या तोंडाशी व दोन्ही कडांना रचून ठेवते. या ढिगाऱ्याला आपण हिमोढ म्हणतो. हवा तापली, हिमनदी मागे हटली, की तिने खरवडलेला खोलगट भाग मोकळा होतो. पुढे हिमोढाचा बांध, मागे वितळणारा बर्फ, मध्ये पाणी. एकदा तळे तयार झाले की ते पुढच्या वितळण्याला हातभार लावू लागते. पांढरा बर्फ ऊन परतवतो, गडद पाणी ते शोषून घेते. तापलेले पाणी हिमनदीचे तोंड खालून पोखरते, वरचा बर्फ कडा तुटावा तसा कोसळतो आणि तळे आणखी मागे पसरते. म्हणून सरोवराला टेकलेली हिमनदी जमिनीवर संपणाऱ्या हिमनदीपेक्षा साधारणतः लवकर झिजते.

मी अशा एका हिमोढावर उभा राहिलो आहे. लांबून तो भक्कम टेकडीसारखा दिसतो. जवळ गेलात की कळते, त्यात काहीही एकमेकांना बांधलेले नाही. घराएवढे धोंडे, नारळाएवढे दगड, बारीक रेती आणि करडा चिखल, सगळे एकत्र ओतल्यासारखे. पाय टाकला की खडी निसटते. उतारावर एके ठिकाणी माती ओली होती. हाताने उकरली तर आत काळपट बर्फ लागला. म्हणजे बांधाच्या पोटातच बर्फ आहे, आणि तो वितळला की बांध आतून पोकळ होणार. उन्हे चढू लागली तसे वरच्या कड्यावरून दगड सुटायला लागले. आमच्याबरोबरच्या वाटाड्याने घड्याळ न पाहता सांगितले, आता निघायचे.

आपल्या जिल्ह्यातले धामापूरचे तळे आठवा. १५३० साली बांधलेले, जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळालेले. मातीचाच बांध, पण माणसाने जागा पारखून घातलेला. जादा पाणी कुठून सोडायचे याची सोय केलेली, पिढ्यान्‌पिढ्या राखलेला. म्हणून जवळपास पाचशे वर्षे तो पाणी धरून आहे. हिमोढाच्या बांधाला ना बांधणारा, ना राखणारा. त्याच्यावर कडा कोसळून लाट उठली किंवा पाणी माथ्यावरून वाहू लागले, की काही तासांत तो वाहून जाऊ शकतो.

तसे सिक्कीममध्ये घडले. दक्षिण ल्होनाक हे सरोवर सुमारे ५,२०० मीटर उंचीवर आहे. १९७०च्या दशकात ते वीसेक हेक्टरांचे होते. २८ सप्टेंबर २०२३च्या उपग्रहचित्रात ते १६७.४ हेक्टर दिसते. त्यानंतर सहाच दिवसांनी, ४ ऑक्टोबरच्या चित्रात, ६०.३ हेक्टर. मधल्या एका रात्री काय झाले ते पुढच्या अभ्यासातून उलगडले. ३ ऑक्टोबरच्या रात्री सरोवराच्या कडेच्या हिमोढाचा प्रचंड भाग पाण्यात कोसळला. त्यात सुमारे दीड कोटी घनमीटर गोठलेले माती-दगड होते. वीस मीटर उंचीची लाट उठली, तिने पुढचा बांध फोडला आणि सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी तीस्तेच्या खोऱ्यात उतरले. वाटेत पुराने दोन्ही काठ कातरले; मूळ पाण्याच्या पाचपटीहून अधिक गाळ-दगड त्याने बरोबर घेतला. चुंगथांगच्या तीस्ता-३ या १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचे धरण काही मिनिटांत वाहून गेले. दरवाजे उघडायलाही वेळ मिळाला नाही. शंभराहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. त्यात झोपेत असलेले जवान होते, मजूर होते, नदीकाठची कुटुंबे होती.

इथे मला थांबून एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. हे सरोवर कुणाला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. अभ्यासकांनी अनेक वर्षे त्यावर लिहिले होते, ते फुटले तर पाणी चुंगथांगला किती पोचेल याची गणिते मांडली होती. २०१६ मध्ये सोनम वांगचुक यांच्यासह एक तुकडी वर गेली आणि प्लास्टिकचे नळ टाकून सायफनने पाणी उपसायची व्यवस्था करून आली. काम चांगले होते, पण सरोवराच्या मानाने अपुरे. धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा उभारायला २०२३च्या सप्टेंबरमध्ये कुठे सुरुवात झाली होती. ज्ञान होते. ते नदीकाठच्या घरापर्यंत वेळेत पोचले नाही.

याच हिमालयातला सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीचा दाखला बघा. १८९३ मध्ये गढवालात बिरही गंगेवर डोंगर कोसळला आणि नदी अडून गोहना नावाचे मोठे तळे तयार झाले. हे तळे दरडीमुळे झालेले, हिमनदीचे नव्हे. पण बांध तसाच, ढिगाऱ्याचा. ब्रिटिश अभियंत्यांनी तिथे मुक्काम ठोकला, पाणी कधी माथ्यावरून वाहील याचा अंदाज बांधला आणि गोहनापासून खाली हरिद्वारपर्यंत तारेची सोय केली. काठची गावे आधीच हलवली. २५ ऑगस्ट १८९४च्या मध्यरात्री बांध फुटला. अलकनंदेच्या पुरात गढवालचे श्रीनगर गाव उद्ध्वस्त झाले. प्राण गेले ते फक्त पाच जणांचे, हलवल्यावर पुन्हा परतलेल्या एका फकिराच्या कुटुंबाचे. उपग्रह नव्हता, संगणक नव्हता. पाहणारा माणूस जागेवर होता आणि त्याचा निरोप खाली पोचत होता.

आपल्याच कोकणात २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसेक माणसे गेली. गळतीबद्दल गावकऱ्यांनी आधी तक्रारी केल्या होत्या. तिथे निरोप खालून वर गेला होता, पण वरून हालचाल झाली नाही. सिक्कीम असो वा चिपळूण, दिसलेला धोका आणि केलेली कृती यांच्या मध्ये जे अंतर पडते, त्यात माणसे मरतात. आजच्या व्याख्यानातून एकच वाक्य घरी न्यायचे असेल, तर हे न्या.

आता जरा मोठा नकाशा समोर धरू. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये देशाचा हवामानबदल अहवाल निघाला. त्यानुसार १९५१ ते २०१४ या काळात हिंदुकुश-हिमालय सुमारे १.३ अंश सेल्सिअसने तापला. डॉ. अनिल कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये चिनाब, पार्वती आणि बास्पा खोऱ्यांतल्या ४६६ हिमनद्यांची मापे प्रसिद्ध केली. १९६२ पासून त्यांचे क्षेत्र एकवीस टक्क्यांनी घटले होते. पुण्याच्या आयसर संस्थेतही हिमालयातल्या हिमनद्यांवर काम चालते, विशेषतः दगडमातीने झाकलेल्या हिमनद्या कशा झिजतात यावर. इस्रोने २०२४ मध्ये सांगितले की भारतीय नद्यांच्या हिमालयी खोऱ्यांतली ६७६ मोठी सरोवरे १९८४ पासून लक्षणीय वाढली आहेत. त्यांतली ६०१ दुपटीहून अधिक झाली आहेत. भारताच्या हद्दीत आहेत १३०: सिंधू खोऱ्यात ६५, ब्रह्मपुत्रा खोऱ्यात ५८ आणि गंगा खोऱ्यात ७.

या विषयात अतिशयोक्ती नको, तिने नुकसानच होते. २०३५ पर्यंत हिमालयातल्या हिमनद्या नाहीशा होतील, असे एक विधान आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २००७च्या अहवालात घुसले होते. ते चुकीचे होते आणि २०१० मध्ये समितीने ते मान्य केले. काराकोरममधल्या काही हिमनद्या बराच काळ स्थिर राहिल्या, हेही खरे. प्रत्येक वाढलेले सरोवर फुटणार, असेही नाही. कित्येक सरोवरे खडकाच्या खोबणीत सुरक्षित आहेत. म्हणूनच एकेका सरोवरावर जाऊन त्याचा बांध, त्याच्यावरचे कडे, त्याच्या खालची गावे पाहावी लागतात.

फुटण्याच्या पलीकडेही या पाण्याचे परिणाम आहेत. हिमनदी दगड दळून पिठासारखा बारीक गाळ करते. तो पाण्यात तरंगतो म्हणून ही सरोवरे दुधाळ निळी दिसतात. सरोवर मोठे झाले की गाळ त्यात बसतो, खालच्या नदीचे पाणी, तळ आणि त्यातले जीव बदलतात. आणि फुटले तर उलटे होते. तीस्तेच्या पुराने खाली इतका गाळ आणून टाकला की पात्र उथळ झाले आणि नंतरच्या पावसाळ्यांत कालिम्पाँगच्या बाजूला थोड्या पुरानेही पाणी रस्त्यावर यायला लागले. तिबेटच्या पठारावर सेलिंग-त्सो हे खारे सरोवर वाढत वाढत नाम-त्सो सरोवरापेक्षाही मोठे झाले, आणि काठची कुरणे पाण्याखाली गेली. तिथे वाढलेला पाऊस हे मोठे कारण, हिमनद्यांचे पाणी त्यात भर घालते.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पाण्याची तात्पुरती सुबत्ता. बर्फ जोरात वितळतो तेव्हा काही वर्षे नदीला उन्हाळ्यात जादा पाणी येते. वीजप्रकल्पवाले खूश, बागायतदार खूश. पण बर्फ पुरेसा आटला की तो प्रवाह उतरणीला लागतो. लाहौलच्या कोरड्या दरीत बटाटा, वाटाणा आणि फ्लॉवरची शेती हिमाच्या ओहोळांवर चालते, तिथे पाऊस त्यांची जागा घेऊ शकत नाही.

आणि हे पाणी शेवटी जाते कुठे? २०१८च्या सुमारास जगातल्या सगळ्या हिमसरोवरांत मिळून सुमारे १५६ घन किलोमीटर पाणी साठले होते, १९९०च्या जवळपास दीडपट. ऐकायला प्रचंड वाटते. पण २००० ते २०२३ या काळात ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या हिमचादरी सोडून जगातल्या हिमनद्यांनी दरवर्षी सरासरी २७३ अब्ज टन बर्फ गमावला. म्हणजे सगळ्या सरोवरांतल्या पाण्याहून अधिक पाणी एकेका वर्षात सुटले. ते समुद्रात गेले आणि त्याने या सगळ्या काळात मिळून समुद्राची पातळी सुमारे अठरा मिलिमीटरने वाढवली. पुण्याच्या संस्थेच्या त्या २०२०च्या हवामानबदल अहवालानुसार उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ नंतर वर्षाला सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढत होती. त्यात तापून फुगलेल्या पाण्याचाही मोठा वाटा आहे.

आता देवबागला चला. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र, मध्ये माडांची आणि घरांची चिंचोळी पट्टी. दर पावसाळ्यात तिथले लोक बंधाऱ्यासाठी अर्ज करतात. देवबागची धूप एकट्या समुद्रपातळीमुळे होते असे मी म्हणणार नाही. लाटा, प्रवाह, नदीमुखाची हालचाल, वाळूउपसा अशी कारणे तिथे आहेत. पण समुद्राची बैठकच दर दशकाला तीनेक सेंटिमीटरने वर येत असेल, तर उधाणाच्या दिवशी प्रत्येक लाट तेवढी वरून येते. खाडीकाठच्या खारजमिनीचा बांध ओलांडायला, मळ्यात खारे पाणी शिरायला आणि विहीर मचूळ व्हायला तेवढे पुरते. कार्यकर्ता मित्राच्या प्रश्नाचे उत्तर मला इथे सापडते. हिमनदीचे पाणी सिस्सूच्या दारात धोका होऊन उभे आहे आणि देवबागच्या दारात भरती होऊन.

मग करायचे काय? ज्यांनी केले त्यांच्याकडून शिकू. १९४१ मध्ये पेरूमधले पालकाकोचा सरोवर फुटले आणि वाराझ शहराचा मोठा भाग हजारो माणसांसह गेला. त्यानंतर त्या देशाने सरोवरे सांभाळण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी केली आणि तीसहून अधिक धोकादायक सरोवरांवर चर, बोगदे, बांध अशी कामे केली. नेपाळने २०१६ मध्ये एव्हरेस्टजवळच्या इम्जा सरोवराची पातळी चर खणून तीन मीटरहून अधिक खाली आणली आणि खालच्या गावांत इशारा यंत्रणा बसवली. आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०२० मध्ये या विषयाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०२४ मध्ये अरुणाचल, सिक्कीम, उत्तराखंड आणि हिमाचलसाठी दीडशे कोटींचा राष्ट्रीय कार्यक्रम मंजूर झाला. सुरुवात चांगली आहे. पण त्याचबरोबर पुराच्या वाटेत नवी धरणे आणि हॉटेले बांधणे थांबवले नाही, तर भोंगा वाजेल आणि पळायला जागा नसेल.

मुळावरचा उपाय उत्सर्जन कमी करण्याचा आहे, आणि त्यात डिझेलचा व जाळलेल्या पाचटाचा काळा धूरही येतो. हा धूर बर्फावर बसला की बर्फ काळवंडतो आणि लवकर वितळतो. हे काम देशांचे आणि सरकारांचे आहे, पण सरकारांना ते करायला लावणे नागरिकांचे आहे.

पिंगुळीकरांकडे माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली, शाळांकडे. इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर देशाची उपग्रहचित्रे पाहता येतात. मुलांना घेपनचे सरोवर आणि देवबागची पट्टी एकाच तासाला दाखवा, आणि वास्कोच्या केंद्रातल्या शास्त्रज्ञांना इथे बोलवा. ते लांब नाहीत. दुसरी, प्रवाशांकडे. सिस्सूला किंवा सिक्कीमला जाल तेव्हा हॉटेलवाल्याला विचारा, वर सरोवर आहे का, इशारा आला तर कुठल्या बाजूने चढायचे. शंभर पर्यटकांनी विचारले की तिथे फलक लागेल. तिसरी, ग्रामपंचायतींकडे. आपल्या तालुक्यातला प्रत्येक मातीचा बांध, लघु पाटबंधाऱ्याचे प्रत्येक धरण पावसाळ्यापूर्वी गावकऱ्यांनी जाऊन पाहावे, दिसलेली गळती ग्रामसभेत नोंदवावी आणि रात्री दोन वाजता कोण कोणाला उठवणार याची यादी चावडीवर लावावी.

गुरुजींनी मुलांना नकाशा वाचायला शिकवला. नकाशा वाचता येणाऱ्या माणसावर एक जबाबदारी येते: वरच्या अंगाला त्याला जे दिसते, ते खालच्या अंगाला राहणाऱ्याला त्याने वेळेत सांगावे, आणि ऐकले जाईपर्यंत सांगत राहावे. लाहौलच्या शास्त्रज्ञाकडून आपली ही अपेक्षा असेल, तर आपल्या बांधावर ती आपण स्वतः पुरी केली पाहिजे. या पावसाळ्याआधीच सुरुवात करू या.